एफेससची तांब्याची नाणी

रोमचे साम्राज्य म्हटले म्हणजे सीझर, ऑगस्टस, नीरो ही नावे शाळेतील इतिहासामुळे आपल्या घरांतील लहानथोरांच्या ओळखीची असतात. आणि रोमन नाणे म्हटले म्हणजे दक्षिण हिंदुस्थानात मडकी भरून सापडलेली सोन्यारुप्याची नाणी आठवतात. ती नाणी खुद्द सम्राटाच्या टाकसाळीतील. व्यापाऱ्यांच्या थैल्यांतून समुद्र ओलांडून ती आपल्याकडे आली. परंतु त्याच साम्राज्यात, मुख्यत्वे त्याच्या पूर्वेकडील ग्रीकभाषी मुलखात, पाचशेहून अधिक नगरे आपापले तांब्याचे नाणे आपणच पाडीत असत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या कानावर आलेली नसते. या नाण्यांच्या दर्शनी बाजूस बहुधा सम्राटाचे मस्तक असे. तेवढा राजाचा मान. पाठीमागची बाजू मात्र सर्वस्वी गावाची. तेथे गावची देवता, गावचे देऊळ, गावची नदी, गावच्या मूळ पुरुषाची कथा. आणि भोवती ग्रीक अक्षरांत गावाचे नाव. विद्वान लोक यांस रोमन प्रांतिक नाणी असे म्हणतात. सम्राटाचे नाणे सम्राटास काय सांगावयाचे आहे ते सांगते. गावाच्या नाण्यात गाव स्वतः बोलते. म्हणून आम्हांस ही कळकट तांब्याची नाणी त्या झळझळीत सोन्याहून अधिक मोलाची वाटतात.

अशा नाण्यांची चित्रे वर्षानुवर्षे ग्रंथांत पाहिल्यावर ती ज्या गावांची, ती गावेही पाहावीत अशी इच्छा होणे साहजिकच होते. तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील आमचा प्रवास त्या इच्छेपोटी घडला. पाहिलेले सर्व लिहू लागलो तर ग्रंथ होईल. येथे एफेसस या एका नगराविषयीच मुख्यतः लिहितो.

या बाजूस जाणारा प्रवासी प्रथम इझमीर येथे उतरतो. हेच पूर्वीचे स्मर्ना. शहर आज मोठे आणि गजबजलेले. समुद्रकाठी चहाचे छोटे पेले घेऊन बसलेली माणसे, आणि पाठीशी कादिफेकाले म्हणजे 'मखमली किल्ला' या नावाची टेकडी. या टेकडीचे जुने नाव पागोस. शिकंदर बादशहा शिकारीस आला असता येथे एका झाडाखाली झोपी गेला, आणि दोन नेमेसिस देवींनी स्वप्नात येऊन 'येथे नगर वसव' अशी त्यास आज्ञा केली, अशी कथा पॉसानियस या जुन्या ग्रीक प्रवाशाने नोंदून ठेविली आहे. मार्कस ऑरेलियसच्या कारकिर्दीपासून पुढे स्मर्नाच्या काही नाण्यांवर हे स्वप्नच उमटविलेले आहे: झाड, त्याच्या बुंध्याशी निजलेला शिकंदर, आणि समोर उभ्या त्या दोघी देवी. रुपयाहून थोड्या मोठ्या तांब्याच्या चकतीवर एका नगराचे स्थलपुराण! आपल्या प्रत्येक क्षेत्राचे जसे माहात्म्य असते तसेच हे. फरक इतकाच की ते पोथीत न राहता बाजारहाटाच्या पैशावर चढले.

इझमीरहून आगगाडीने दीड-दोन तासांत सेल्चुक या लहानशा गावी जाता येते. वाटेत जैतून आणि अंजिराच्या बागा लागतात. इझमीर ते आयदिन हा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकात इंग्रजी भांडवलावर झाला, आणि त्यावरील स्टेशनांचे नकाशे करण्यासाठी जॉन टर्टल वुड नावाचे एक इंग्रज वास्तुविशारद या देशी आले. स्टेशने राहिली बाजूला. या गृहस्थांस आर्तेमिस देवीचे बुडालेले देऊळ शोधण्याचा ध्यास लागला. त्यांची हकीकत पुढे येईल.

सेल्चुक येथे बहुतेक प्रवासी मोटारीतून उतरतात ते थेट अवशेषांकडे धाव घेतात. आम्ही प्रथम गावातील वस्तुसंग्रहालयात गेलो. तेथे आर्तेमिसच्या ज्या संगमरवरी मूर्ती आहेत त्या १९५६ साली नगराच्या सभागृहाच्या उत्खननात निघाल्या. ग्रीक शिल्पातील आर्तेमिस म्हणजे धनुष्यबाण घेतलेली चपळ शिकारी कन्या. परंतु एफेससची आर्तेमिस निराळीच. ती ताठ, खांबासारखी उभी. अंगावर सिंह, हरिणे, मधमाश्या यांच्या ओळींनी भरलेले घट्ट वस्त्र. छातीवर गोलाकार वस्तूंच्या रांगा, ज्यांस कोणी स्तन म्हणतात, कोणी दुसरे काही. ही मूर्ती पाहताना आपल्यापैकी कोणासही परकेपणा वाटणार नाही. जिला नवस बोलावा, जिच्यापुढे गावाने हात जोडावेत, अशी ही ग्रामदेवता आहे हे पाहताक्षणी कळते.

आता नाणे हाती घ्या. (हाती म्हणजे काचेपलीकडून.) एफेससच्या कितीतरी नाण्यांवर ही मूर्ती आहे, आणि नाण्यावरील मूर्तीच्या पुढे केलेल्या दोन्ही हातांपासून जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या लोकरीच्या दोऱ्या किंवा फिती स्पष्ट दिसतात, दोन्ही अंगांस दोन हरिणे उभी असतात. दगडी मूर्तींचे हात तुटतात, लोकर तर केव्हाच कुजून जाते. देवळात प्रत्यक्ष पूजेतील मूर्ती कशी सजवीत असत, हे आपणांस नाणेच सांगते.

देवळाच्या बाबतीतही तेच. एफेससचे आर्तेमिसमंदिर प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांत गणले जाई. त्यास १२७ खांब होते आणि त्यांतील ३६ खांबांवर कोरीव काम होते, असे रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो. आज तेथे काय आहे? पाणथळ खड्डा, गवत, बदकांचे थवे, आणि तुकडे एकावर एक रचून उभा केलेला एकच खांब. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या माथ्यावर करकोच्याने घरटे केलेले होते. परंतु नाण्यांवर हे देऊळ दोनशेहून अधिक वर्षे पुन्हा पुन्हा आले आहे. क्लॉडियस सम्राटाच्या रुप्याच्या नाण्यावर त्यास चार खांब आहेत, इतर नाण्यांवर सहा, आणि कित्येकांवर आठ. मग खरे किती? दर्शनी बाजूस आठच असावेत असा विद्वानांचा निर्णय आहे. ठसा कोरणारा कारागीर जागा अपुरी पडली म्हणजे खांब गाळी, आणि मधले दोन खांब बाजूस सारून आतील देवी उघडी करून दाखवी. आपल्याकडील पोथीतील चित्रांत राजा किल्ल्याच्या दरवाज्याहून मोठा काढतात त्यास कोणी लबाडी म्हणत नाही, तसेच हे. मात्र खांबांच्या पायथ्याची कोरीव मूर्तींची पट्टी आणि वरच्या त्रिकोणी भागातील दारे-खिडक्या हे बारकावे कारागिरांनी इतक्या निष्ठेने दाखविले आहेत की देवळाच्या पुनर्रचनेचे नकाशे काढताना त्यांचा आधार घ्यावा लागला. ब्लूमा ट्रेल या अमेरिकन विदुषीने १९४५ साली या एका देवळाच्या नाण्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. नाण्यांवरील इमारतींच्या चित्रांवर किती विश्वास ठेवावा, हा या शास्त्रातील जुना वाद आहे. आमच्या मते साक्षीदार भाबडा असला तरी खोटारडा नाही. त्यास नीट प्रश्न विचारता आले पाहिजेत.

वुडसाहेबांनी १८६३ साली खणण्यास आरंभ केला. देऊळ कोठे होते याची खूण जमिनीवर मुळीच उरली नव्हती. अखेर नगराच्या नाट्यगृहात त्यांस एक मोठा शिलालेख मिळाला. सालुटारिस नामक धनिकाने इ. स. १०४ मध्ये देवीस सोन्याचांदीच्या मूर्ती अर्पण केल्या, आणि सभेच्या व उत्सवाच्या दिवशी त्या देवळातून अमुक वेशीने नाट्यगृहात आणाव्या व तमुक वेशीने परत न्याव्या, असा तपशील त्यात होता. म्हणजे पालखीचा मार्गच लिहिलेला! वुडसाहेब वेस शोधून पालखीच्या वाटेने उलटे निघाले, आणि १८६९ सालच्या डिसेंबरच्या ३१ तारखेस, सुमारे वीस फूट गाळाखाली, त्यांस देवळाची फरसबंदी लागली.

त्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर आम्ही बराच वेळ बसलो होतो. सुमारे पंचवीस हजार माणसे मावतील एवढे ते विस्तीर्ण आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथातील एक प्रसंग येथेच घडला. पौल याच्या उपदेशामुळे देवीच्या चांदीच्या लहान देव्हाऱ्यांचा खप बसेल या भीतीने सोनार-रुपेकारांनी दंगा उसळविला, लोक दोन तास देवीचा जयघोष करीत राहिले, आणि अखेर नगराच्या चिटणिसाने त्यांस समजावून घरी पाठविले. पहिल्या शतकातील एफेससच्या काही नाण्यांवर अशा चिटणिसांची नावे त्यांच्या हुद्द्यासह आहेत. या चिटणिसाने लोकांस शांत करताना आपल्या नगरास एक विशेषण लाविले: 'निओकोरोस'. मूळ अर्थ देवळाची झाडलोट करणारा, देवळाची राखण करणारा. आपल्याकडील गुरव म्हणा ना. नीरोच्या काळी हा शब्द एफेससच्या नाण्यावर आला. आणि मग या गुरवपणावरून जी चुरस लागली, तिचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

सम्राटाच्या नावाचे प्रांताचे देऊळ ज्या नगरात बांधण्याची परवानगी मिळे, त्या नगरास 'निओकोरोस' ही बिरुदावली मिळू लागली. टायबेरियस सम्राटाच्या देवळासाठी आशिया प्रांतातील अकरा नगरांचे वकील रोमच्या सिनेटपुढे भांडत राहिले. एफेसस आपल्या आर्तेमिसच्या सेवेतच पुरते गुंतलेले आहे असे म्हणून त्यास वगळण्यात आले, आणि इ. स. २६ मध्ये तो मान स्मर्नास मिळाला. पुढे एफेससने ही उणीव भरून काढली. हेड्रियनच्या काळी ते 'दोनदा निओकोरोस' झाले, कॅरॅकलाच्या काळी तीनदा. एलागाबालसने चौथ्यांदा मान दिला तेव्हा नाण्यावर अक्षरे कोरली गेली ती अशा अर्थाची, की सर्वांमध्ये आम्हीच एकटे चारदा निओकोरोस! इ. स. २२२ मध्ये एलागाबालस मारला गेला, त्याने दिलेला मान गेला, आणि नाण्यांवर पुन्हा निमूटपणे 'तीनदा' आले. पर्गामम आणि स्मर्ना ही शेजारची नगरेही आपापल्या नाण्यांवर आपले आकडे मिरवीत होतीच.

लग्नात पहिले गंध कोणास लावावयाचे यावरून मांडवात रुसवेफुगवे झालेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस याचे नवल वाटणार नाही. स्मर्नाने एका ठरावात एफेससचे पूर्ण बिरुद लिहिले नाही म्हणून एफेससने अँटोनायनस पायस सम्राटाकडे गाऱ्हाणे नेले. सम्राटाचे उत्तर एफेससवासीयांनी दगडावर कोरून ठेविले होते, म्हणून ते आज वाचता येते. स्मर्नाकडून ते चुकून राहिले असावे, पुढे ते नीट लिहितील, मात्र तुम्हीही त्यांचे बिरुद नीट लिहीत जा, अशा आशयाचे ते आहे. एखाद्या घरातील वडीलधाऱ्या माणसाने दोन जावांची समजूत काढावी तसे ते पत्र आहे, आणि साऱ्या साम्राज्याचा कारभार पाहणाऱ्या माणसास यासाठी वेळ काढावा लागला! दियो क्रिसोस्टोम या वक्त्याने निकोमीडिया आणि नायसिया यांच्या अशाच भांडणाबद्दल भर सभेत कानउघाडणी केली होती: रोमन लोक यास ग्रीकांचा मूर्खपणा म्हणून हसतात, असे त्याने ऐकविले. तो सुनावणारा खरा. पण राज्य, सैन्य, करवसुली सर्व परक्यांच्या हाती गेल्यावर ज्या नगरांपाशी मानाखेरीज काही उरले नव्हते, त्यांनी मानासाठी भांडावे याचे आम्हांस हसू येत नाही. दीडशे वर्षे परक्यांच्या राज्यात काढलेल्या लोकांस त्याचा अर्थ निराळा सांगावा लागू नये.

आणि याच नगरांनी ऐक्याची नाणीही पाडली. एका बाजूस एफेससची आर्तेमिस, तिच्यासमोर स्मर्नाच्या नेमेसिस देवी किंवा पर्गामचा वैद्यदेव आस्क्लेपिओस, आणि वर 'होमोनोइया', म्हणजे एकचित्तता, हा शब्द. हे भांडण मिटल्याचे चिन्ह, की एकत्र केलेल्या उत्सवाची आठवण, की कोणा पुढाऱ्याची हौस, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एकचित्ततेच्या नाण्यांविषयीच एकमत नसावे, याची गंमत वाटते.

परंतु या नाण्यांत एक असे आहे की त्याचे चित्र पाहिल्यावर गंमत मनातून पार निघून जाते. सेप्टिमियस सेव्हेरस सम्राटाचे दोन मुलगे, कॅरॅकला आणि गेटा. भावांनी गुण्यागोविंदाने नांदावे असे सांगून बाप इ. स. २११ च्या आरंभी ब्रिटनमध्ये वारला. वर्ष संपण्याच्या आत, डिसेंबरात, थोरल्याने समेटाच्या मिषाने धाकट्यास आईच्या दालनात बोलाविले आणि तेथे त्याचा खून करविला. आईच्या मांडीवरच त्याने प्राण सोडला, आणि पुढे तिला पुत्रशोकाने रडण्याचीही चोरी झाली, असे त्या काळचा इतिहासकार डायो कॅसियस सांगतो. मग गेटाचे नाव शिलालेखांतून खरवडून टाकण्याचा हुकूम सुटला. रोममधील सेव्हेरसच्या कमानीवर खरवडलेली जागा आजही दिसते. बर्लिनमध्ये त्या कुटुंबाचे लाकडी फळीवरील रंगीत चित्र आहे, त्यात आई, बाप आणि एक मुलगा यांचे चेहरे आहेत, आणि चौथ्या चेहऱ्याच्या जागी डाग आहे.

कारियातील स्ट्रॅटोनिकेया या गावाने त्यापूर्वी मोठी तांब्याची नाणी पाडली होती. त्यांवर दोघे भाऊ समोरासमोर. ती नाणी बाजारात हिंडत होती. हुकूम आल्यावर गावच्या अधिकाऱ्यांनी ती गोळा केली आणि एकेक घेऊन गेटाचे मस्तक छिन्नीने, हातोडीने नाहीसे केले. आज त्या नाण्यावर कॅरॅकला तसाच समोर पाहत असतो. ज्याच्याकडे पाहावयाचे ती जागा सपाट आहे. पर्गामम येथेही असेच केलेले आढळते. एफेससला दोघा भावांच्या नावाने तिसरा मान मिळावयाचा होता, तो गेटाच्या मृत्यूनंतर देवी आर्तेमिसच्या नावावर फिरविण्यात आला असे विद्वान मानतात. परंतु पुष्कळ नगरांनी गेटाच्या नाण्यांस हातही लाविला नाही. भीतीने कोणी किती वाकावे, हे ज्याने त्याने आपापल्या गावी ठरविले असले पाहिजे, आणि ते आपणांस कळते ते केवळ या नाण्यांमुळे. कोणत्याही इतिहासकाराने स्ट्रॅटोनिकेयातील त्या सकाळविषयी एक ओळ लिहिलेली नाही.

हे सर्व शोधून काढणारांची परंपराही थोडक्यात सांगावयास हवी. फ्रान्सच्या आरमारखात्यातील जोसेफ पेलेरँ या अधिकाऱ्याने पूर्वेकडील वकिलांमार्फत हजारो नाणी जमविली, आणि ती अक्षरानुक्रमे न लावता देशवार लाविली. व्हिएन्नाच्या योझेफ एखेल या पाद्र्याने १७९२ ते १७९८ या काळात आठ खंडांचा ग्रंथ लिहून ही पद्धत कायम केली. स्पेनपासून निघावयाचे, फ्रान्स, इटली, ग्रीस करीत आशिया मायनरमध्ये यावयाचे, तेथून सीरिया, इजिप्त, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याने परत पश्चिमेस. भूमध्य समुद्र उजव्या हातास ठेवून केलेली ही प्रदक्षिणाच होय! नाण्यांच्या सूच्या आजही बहुधा याच क्रमाने छापतात. पुढे स्वित्झर्लंडमधील इमहोफ-ब्लूमर यांनी निरनिराळ्या संग्रहांतील नाण्यांचे प्लास्टरचे छाप जमवून शेजारी शेजारी मांडले. हा उपाय दिसावयास साधा, परंतु त्यामुळे जे दिसू लागले ते अपूर्व होते.

नाणे पाडण्याची रीत अशी: दोन ठसे, एक ऐरणीत बसविलेला, दुसरा हातात धरण्याचा, मध्ये तापविलेली चकती, वरून घणाचा घाव. ठसा हाताने कोरलेला असल्यामुळे एका ठशाची नाणी दुसऱ्याच्या नाण्यांहून केसभर का होईना निराळी. म्हणून दोन नाणी एकाच ठशाची की नाहीत, हे डोळे शिणवून का होईना ठरविता येते. जर्मन पंडित कोन्राड क्राफ्ट यांच्या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने दाखविले की आशिया मायनरमधील निरनिराळ्या गावांच्या नाण्यांवरील सम्राटाचे मस्तक पुष्कळदा एकाच ठशाचे आहे. म्हणजे नाव गावाचे, देव गावचा, पण काम कोणा तिसऱ्याच कारखान्याचे. हे कारागीर ठसे घेऊन कल्हईवाल्यासारखे गावोगाव फिरत होते, की गावेच त्यांच्याकडे मागणी पाठवीत होती, याचा खल अजून चालू आहे. आपापल्या बिरुदांसाठी सिनेटपर्यंत जाणारी नगरे नाण्यासाठी एकाच लोहाराच्या दारी उभी होती, हे मात्र खरे.

१९९२ साली अँड्र्यू बर्नेट, मिशेल आमांद्री आणि पेरे पाव रिपोयेस या इंग्रज, फ्रेंच आणि स्पॅनिश विद्वानांनी मिळून 'रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज' या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला. त्यात सीझरच्या मृत्यूपासून इ. स. ६९ पर्यंतची नाणी आहेत. एकंदर दहा खंडांची योजना आहे आणि काम अजून चालू आहे. पूर्वी या नाण्यांस 'ग्रीक साम्राज्यकालीन' असे धेडगुजरी नाव होते. ग्रीक नाण्यांचे अभ्यासक त्यांस उतरत्या काळाची म्हणून बाजूस सारीत, आणि रोमन नाण्यांचे अभ्यासक परकी म्हणून. दोन घरचा पाहुणा उपाशी राहावा तशी त्यांची गत होती. या ग्रंथमालेने त्यांस स्वतःचे घर दिले.

चालून झिजलेल्या नाण्यावर नवा लहानसा शिक्का मारून ते पुन्हा चालू करण्याची रीत त्या गावांत सर्रास होती. यावरून आम्हांस नाशिकजवळच्या जोगळटेंभीची आठवण झाली. १९०६ साली तेथे नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उमटविलेला होता. जिंकलेल्या राजाच्या तोंडावर जेत्याचे चैत्यचिन्ह! त्या नहपानाच्या नाण्यावर ब्राह्मी आणि खरोष्ठी यांच्या जोडीस ग्रीक अक्षरेही आहेत. एफेससच्या बाजारात जी लिपी चालत होती तीच लिपी, मोडकीतोडकी का होईना, सह्याद्रीच्या मुलखात नाण्यावर उमटत होती, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

अवशेषांच्या वाटेवर एका तरुणाने इकडे तिकडे पाहून मूठ उघडली आणि चार हिरवट नाणी आम्हांस दाखविली. 'शेतात सापडली' असे तो म्हणाला. अशी नाणी बहुधा बनावट असतात. पण ती खरी असती तर अधिकच वाईट. तुर्कस्तानात १९८३ च्या कायद्याने अशी वस्तू सरकारजमा करावी लागते, आणि ती देशाबाहेर नेणे हा गुन्हा आहे. आम्हांस कायद्यापेक्षाही दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. सोन्याचे नाणे देशोदेशी फिरते. तांब्याचे नाणे आपल्या पंचक्रोशीबाहेर फारसे जात नाही. म्हणून ते कोठे सापडले यास फार किंमत आहे. फ्रेंच पंडित लुई रोबेर हे आशिया मायनरच्या खेड्यापाड्यांतून हिंडत, शेतकऱ्यांपाशी कोणत्या नगराची नाणी निघतात ते पाहत, आणि त्यावरून नकाशावरून पुसल्या गेलेल्या नगरांच्या जागा ताडत. तेच नाणे कोणाच्या खिशातून दूर देशच्या लिलावात गेले म्हणजे नाणे उरते, गावाचा पत्ता मात्र कायमचा हरवतो. स्ट्रॅटोनिकेयाच्या अधिकाऱ्यांनी निदान अर्धे नाणे तरी शिल्लक ठेविले होते.

आपल्याकडेही शेत नांगरताना, विहीर खणताना नाणी निघतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांस कळवावी लागतात. ती सोनाराकडे जाऊन वितळली तर काय गेले हे कोणासही कळत नाही. आणि ज्यांच्या देव्हाऱ्यात पिढीजाद जुने नाणे पूजेस आहे, त्या भगिनींस एक विनंती: सणावारी ते चिंचेने किंवा रांगोळीने घासू नये. त्यावरचे काळसर-हिरवे पूट हेच अक्षरांचे पांघरूण असते. ते गेले की पुढल्या दसऱ्यापर्यंत अक्षरेही जातात.

एफेससचे बंदर गाळाने भरत गेले; काइस्टर नदीने समुद्रास कित्येक मैल मागे लोटले, आणि आज संगमरवरी बंदरमार्ग वेतांच्या दलदलीपाशी जाऊन थांबतो. इ. स. २६२ च्या सुमारास गॉथ लोकांनी देऊळ लुटले. याच सुमारास सम्राटाच्या रुप्याच्या नाण्यातील रुपे इतके घटले की तांब्याचे नाणे पाडणे गावांस परवडेना. एफेससच्या शेवटच्या नाण्यांवर, व्हॅलेरियन आणि गॅलियेनस यांच्या काळी, 'चारदा निओकोरोस' हा हरवलेला आकडा पुन्हा येतो. आणि मग नाणीच बंद होतात. पांफिलियातील पेर्गे या नगराने इ. स. २७६ पर्यंत नेट धरला. अलेक्झांड्रियाची टाकसाळ इ. स. २९६ पर्यंत चालली.

जाणारांसाठी इतकेच सुचवितो, की एक दिवस सेल्चुकातच मुक्काम करावा. सकाळी वस्तुसंग्रहालय, दुपारच्या उन्हात अवशेषांकडे न जाता जेवून विश्रांती, आणि दिवस कलल्यावर खालच्या दरवाज्याने नगरात शिरावे. आर्तेमिसच्या देवळाची जागा गावाच्या कडेलाच, पायी जाण्याजोगी आहे. बहुतेक मोटारी तेथे थांबत नाहीत, म्हणून तेथे निवांतपणे बसता येते.